ओला खांदा

मुलांनो, आणि मुलांच्या पाठीमागे उभे राहून गोष्ट ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांनो, ही फार फार पूर्वीची गोष्ट आहे.

एका नगरात एक सुलतान राज्य करीत असे. त्या नगरीच्या मशिदीत एक रीत होती: जो आधी येईल, तो पुढे उभा राहील. सुलतानालाही तीच रीत होती. दर शुक्रवारी त्याच्या डावीकडे दगडूमियाँ नावाचा पखालवाला उभा राहत असे. दिवसभर पाण्याची पखाल वाहिल्यामुळे त्याचा खांदा सदैव ओला असे, आणि सुलतानाचा अंगरखाही त्या बाजूने भिजत असे.

सुलतान जरा अंतर राखून उभा राहिला, की दगडूमियाँ हळूच म्हणे, "सरका, हुजूर. ओळीत फट राहिली, तर सैतान येऊन उभा राहतो."

"आणि तुझ्या पाण्याने मला पडसे झाले तर?"

"पडसे आठ दिवसांत जाते, हुजूर. तो जात नाही."

नमाज सुरू होण्यापूर्वी नगरातले बरेवाईट सुलतानाच्या कानावर असेच, ओळीतल्या शेजाऱ्यांच्या बोलण्यातून, पडत असे.

एकदा वजीर म्हणाला, "हुजूर, राजाचा अंगरखा पखालवाल्याने भिजवावा, हे शोभत नाही." त्याने मशिदीत सुलतानासाठी संगमरवरी जाळीचा कक्ष बांधविला. सुलतान त्यात एकटा उभा राहू लागला. अंगरखा कोरडा राहू लागला.

त्या उन्हाळ्यात वजिराच्या सल्ल्याने सुलतानाने नगराच्या हौदाचे पाणी राजबागेकडे वळविले. लोक कुरकुरू लागले. तेव्हा सुलतानाने वृद्ध इमामांना बोलावून सांगितले, "हा हुकूम धर्माला धरूनच आहे, असे शुक्रवारच्या प्रवचनात सांगा."

इमाम शांतपणे म्हणाले, "हुजूर, तख्त आपले आहे. प्रवचनाची पायरी मात्र आपली नाही, आणि माझीही नाही; ती अल्लाची आहे. लोक पाण्यावाचून मातीने हात शुद्ध करून नमाजाला येत आहेत. जाळीतून ते दिसत नसेल."

पुढच्या शुक्रवारी सुलतान जाळीबाहेर येऊन ओळीत उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना धुळीने माखलेली मनगटे होती.

"दगडूमियाँ कोठे आहे?" त्याने विचारले.

शेजारचा चुनेवाला म्हणाला, "हौद आटला, हुजूर. रिकामी पखाल घेऊन तो परमुलखात गेला. जाताना जाळीपाशी उभा राहून त्याने आपल्याला दोनदा हाक मारली होती."

त्याच दिवशी पाणी हौदाकडे परत वळले, आणि जाळी उतरविण्यात आली. दगडूमियाँच्या शोधासाठी चारही दिशांना स्वार गेले. ते एकेकटे परत आले.

पुढे कित्येक वर्षे सुलतान ओळीत उभा राहताना डावीकडे एका माणसापुरती जागा सोडीत असे. कोणी तरी नम्रपणे म्हणे, "सरका, हुजूर. फट राहिली आहे." मग तो सरकत असे, आणि एक कोरडा खांदा त्याच्या खांद्याला लागत असे. नमाज संपल्यावर तो आपल्या अंगरख्याची डावी बाजू हाताने चाचपून पाही.

तात्पर्य: जो राजा देवापुढे प्रजेच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत नाही, त्याने आपल्या हुकमाला धर्माचे नाव देऊ नये.