सारजाक्काच्या पोटातलं

कुंभेरी संस्थानात देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला आणि आळ आला येसू गुरवावर. पुरावा काडीचा नव्हता, पण आळ शाबीत झाला तर बायकापोरांसह त्याला गाव सोडावं लागणार होतं.

"तुझी बाजू आमचा मेहुणा मांडेल," न्यायाला बसलेले दिवाणसाहेब म्हणाले.

येसूनं हात जोडले. "आपला माणूस आपण निवडायचा, असा रिवाज आहे सरकार. माझ्या बाजूनं सारजाक्का बोलेल."

सारजाक्का म्हणजे गावची सुईण. सगळी कचेरी हसली. दिवाणांना वाटलं, बाईमाणूस आहे, दरडावलं की ओकेल.

"काय गं, काल येसू तुझ्यापाशी तासभर बसला होता. काय बोलला ते सांग."

चोरीच्या रात्री गाभाऱ्याची कडी लावायला विसरलो, हे येसूनं तिला सांगितलं होतं.

सारजाक्का पदर सावरून निवांत बसली. "सांगते की. पण लोकांनी विश्वासानं सांगितलेलं मला पहिल्यापासून क्रमानं आठवतं, येसूचं शेवटी येईल. पहिलं बाळंतपण मी केलं ते तुमच्या मातोश्रींचं. तेव्हा त्या कानात जे बोलल्या, तिथनं सुरू करू?"

दिवाणांनी उगाच पगडी नीट केली. "राहू दे. तिच्यापाशी बोललेलं तिच्यापाशीच राहावं." दुसरा पुरावा नव्हताच, येसू सुटला.

वाटेत त्यानं हळूच विचारलं, "अक्का, मातोश्री काय बोलल्या होत्या गं?"

"तुझं सांगितलं का मी दिवाणांना?" सारजाक्का म्हणाली. "मग चल मुकाट्यानं."