फिरवलेलं पाऊल

त्या रानातलं तळं आटत होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जो तो उरलेल्या पाण्यावर आपला हक्क सांगत काठाला चिकटून होता.

फार पूर्वी एका म्हाताऱ्या हत्तीनं त्यांना चार गोष्टी शांतपणे सांगितल्या होत्या. तळं आटतंय. आपल्याच हावेनं आटतंय. तहान संपू शकते. आणि उगवतीला नदी आहे, तिथवर वाट जाते. "पण चालायचं ज्याचं त्यानं," एवढं बोलून तो निघाला. ओल्या मातीत त्याचं एक पाऊल खोल उमटलं. नखं उगवतीकडं, टाच तळ्याकडं.

चाललं कुणीच नाही. पाऊल मात्र सगळ्यांनी जपलं. उन्हानं ते दगडासारखं झालं, भोवती कुंपण आलं, पळसाची फुलं आली, रोजची आंघोळ आली. एक अडचण तेवढी राहिली. तळ्याकडून येणाऱ्याला डोकं टेकायला समोर टाच यायची.

"टाचेवर कुणी डोकं ठेवतं का? पाठीमागून नमस्कार केल्यासारखं वाटतं बाई!" माकडीण म्हणाली.

सगळ्यांना ते पटलं. रानडुकरांनी मातीचा तो तुकडा अलगद खणून काढला आणि फिरवून बसवला. नखं भक्तांकडं आली, म्हणजे तळ्याकडं. वाईट तसं कुणाच्याच मनात नव्हतं.

पुढं हत्तीचं बोलणं ऐकलेले सगळे मरून गेले. नदीचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही. तळ्यात वर सुकी पापडी आणि खाली चिखल उरला. कातळाच्या खळग्यात थोडं पाणी होतं, पावलाच्या आंघोळीपुरतं. त्याची राखण घोरपड करायची.

एक हरिणी पाडसाला घेऊन तिच्याकडं आली. पाडसाची जीभ बाहेर लोंबत होती.

"मावशी, याच्यापुरता एक घोट द्या हो."

"आंघोळीआधी तोंड लावायचं? तहान काय तुझ्या एकटीच्याच घरी आलीय?" घोरपड म्हणाली. मग जरा निवळून, "विश्वास ठेव गं. नखं दाखवतात तिकडं जा. तिथं असेलच."

हरिणीचा विश्वास होताच. "इथंच थांब हं बाळा, पाणी दिसलं की हाक मारते," म्हणत तिनं पाडसाला काठावर ठेवलं आणि नखांच्या रोखानं तळ्यात उतरली. थोडं पुढं गेल्यावर पापडी फुटली. हाक आली, पण ती वेगळीच होती, आणि लवकर थांबली.

"काय ती श्रद्धा!" घोरपडीनं डोळे पुसले. काठाशी उमटलेल्या हरिणीच्या खुरांभोवती सगळ्यांनी फुलं मांडली. खळग्यातलं पाणी आणून त्यांवर ओतलं. ते खुरांच्या खोलगटात साचलं. पाडसानं पुढं होऊन त्यात तोंड घातलं.

"उष्टं केलं मेल्यानं! हाकला त्याला!" घोरपड ओरडली.

डुकरं धावली. ओल्या तोंडानं पाडस तळ्याला पाठ करून उगवतीकडं पळत सुटलं, कुंपणावरून उडी मारून थेट पलीकडं. ते गेलं त्या दिशेला आता कुणाच्याच पावलाचं टोक नव्हतं.