मध्यरात्रीची जाग

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. मध्यरात्री त्याची झोप मोडे, आणि मोडली की तो साऱ्या राजवाड्याला उठवून बसवी. अखेर त्याने कालदंष्ट्र मांत्रिकाला बोलावले. मांत्रिकाने राज्यातली मध्यरात्रीची जाग काढून तांब्याच्या घागरीत कोंडली आणि म्हणाला,

"झोपलेला आता पहाटेपर्यंत उठणार नाही. मात्र रात्री जे लेकरू उघडे पडेल, ते दगड होऊन माझे."

राजाने मान डोलावली. झोपेपुढे त्याला दुसरे काही सुचत नव्हते.

राजकन्या शेवंती झोपेत गोधडी लाथाडणारी. राणी चंद्रावळी मध्यरात्री उठून ती ओढून देई. आता राणीला जागच येईना. पहिल्या सकाळी पोरीची बोटे दगडाची झाली, दुसऱ्या सकाळी पावले, तिसऱ्या सकाळी गुडघे. घरोघरच्या लेकरांचे तेच झाले.

राणी देवडीवरच्या पिंगळ्याकडे, त्या चिमुकल्या घुबडाकडे गेली.

पिंगळा म्हणाला, "घागर काळ्या डोंगरावर आहे. वाटेत पहारेकरी तीन. नाग, वाघ आणि तुझी झोप. मी दिवसा झोपतो, म्हणून मंत्रातून सुटलो. चल, वाट दाखवतो."

पोरीला मागे ठेवावे तर ती उघडी पडणार. रात्र पडताच राणीने तिला पाठीशी बांधले आणि निघाली. नाग झोपला होता. वाघ घोरत होता. मांत्रिकाने आपल्याच पहारेकऱ्यांना झोपवले होते, धन्य त्याची. उरली झोप. राणीच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा तिने शेवंतीची दगडी पावले पदराखाली पोटाशी धरली. अंगात अशी थंडी भरली की झोप जवळ फिरकेना.

डोंगरावर मांत्रिक घागरीला टेकून, थंडीने मुटकुळे करून पडला होता. राणी संतापून आली होती, पण हाताची सवय जाईना. तिने आपली शाल त्याच्या अंगावर ओढली. मंत्र घालणाऱ्याला मंत्र लागत नाही. त्याने डोळे उघडले.

"मला आजवर कुणी पांघरूण घातले नव्हते. काय हवे?"

"आमची जाग."

त्याने घागर फोडली. राज्यभर माणसे जागी झाली आणि अंधारात चाचपत लेकरांवर पांघरुणे ओढू लागली. राणीच्या पोटाशी एक पाऊल हलले. ते ऊन होते. राणी रडली.

राजाही जागा झाला. शेजारी राणी नाही, पोर नाही. कुणालाही न उठवता, गोधडी काखेत मारून तो अनवाणी धावला. वाटेत दोघी भेटल्या. त्यांना पांघरूण घालून तो म्हणाला, "माझी झोप मोडलीत, फार उपकार झाले."

ती परत मिळालेली जाग माणसाला आजही मध्यरात्री येते. तुम्हालाही येईल. कुरकुर करू नका. शेजारी कुणी उघडे पडले आहे का, तेवढे पाहा आणि मग खुशाल झोपा.