ज्याचं नाव, त्याचं झाड

रेवदंड्याच्या किल्ल्यावर कप्तान दुआर्ते नावाचे एक महाशय होते. तेल सगळं मिशांना लावायचे, डोक्याला काही उरत नसावं. त्यांनी आवडाबाईचं नारिंगाचं झाड सरकारजमा केलं. त्या एका झाडावर बाईचं घर चालायचं.

"ग्रीक काय, अरब काय, या फळाला आमच्या पोर्तुगालचंच नाव देतात," कप्तान म्हणाले. "ज्याचं नाव, त्याचं झाड!"

बाई घरी गेली. तिने दहा वर्षं फ्रेंचांच्या वखारीत रांधलं होतं. दुसऱ्या सकाळी ती कप्तानांची टर्की कोंबडी काखोटीला मारून निघाली.

"ए बाई, माझा पक्षी!"

"तुमचा कसा? फ्रेंच याला हिंदची कोंबडी म्हणतात. पोलंडचे खलाशीसुद्धा हिंदचंच नाव घेतात."

"मूर्ख! हा अमेरिकेतला. लोकांनी चुकून नाव ठेवलं!"

"अस्सं! आणि नारिंगाच्या वेळी लोक शहाणे होते होय?"

शिपायांना एकदम खोकला आला. कप्तानांनी मुकाट्याने झाड सोडलं, बाईने पक्षी.

इंग्रज मात्र त्या पक्ष्याला तुर्कस्तानचं नाव देतात. हे कळल्यावर, तुर्क दारात यायच्या आत कप्तानांनी तो खाऊन टाकला म्हणे.