ठकूच्या वाट्याची धूळ

येसोबा महाराजांचा मुक्काम त्या उन्हाळ्यात टाकळवाडीला होता. गावाबाहेरच्या मठीत सकाळपासून माणसांची रीघ लागे. ती ओसरली की ठकू मठी सारवायला येई. चारचौघांत यायची तिला सोय नव्हती.

ठकूचे डोळे जन्मापासून बाहेर आलेले. खोबणीचे हाडच उथळ घडलेले, त्यात डोळे मावत नसत. पापण्याही पुऱ्या मिटत नसत. झोपताना ती डोळ्यांवर ओले फडके बांधी. धुळीला जप, नाहीतर दृष्टी जाईल, असे वैद्यांनी बजावले होते. गावाला मात्र तिची दृष्ट लागायचीच भीती! बारशाला तिला कधी बोलावणे नसे. राहीबाई पाटलीण तर तिला पाहताच कडेवरच्या नातीच्या तोंडावर पदर ओढत आणि म्हणत, "आली बटाट्या डोळ्यांची."

एकदा ठकूला रडू आवरेना. "महाराज, एकाबी लेकराचं तोंड मी जवळनं बघितलं न्हाई."

महाराजांनी तिला जवळ बसवले. मग म्हणाले, "बाळ, खोबण उथळ घडली, त्यात तुझा काय अपराध? डोळ्यांची काळजी माझ्यावर सोड."

चैत्रात देवीची जत्रा भरली. ठकू नेहमीसारखी एकटीच लांब उभी होती. भर दुपारी वावटळ उठली, तसा जो तो डोळे मिटून जागीच बसला. ठकू फडके बांधणार, तोच तिला दिसले, की राहीबाईंचा हात सुटलेली नात बिनकठड्याच्या विहिरीकडे निघाली आहे. त्या वाऱ्यात हाक कोण ऐकणार? फडके टाकून ठकू उघड्या डोळ्यांनी धुळीत धावली आणि विहिरीच्या काठावर तिने पोरीला कवटाळले.

वावटळ शमली. ठकूच्या डोळ्यांत एक कणही गेला नव्हता. राहीबाई दोघींना घेऊन मठीत आल्या. महाराज दार लावून आत बसलेले; पण त्यांचे डोळे सुजून लाल झाले होते आणि गालांवर मातीचे ओघळ आले होते. केवढी ही माया!

"महाराज, हे काय झालं?" राहीबाईंनी विचारले.

"हिच्या पापण्या अपुऱ्या," महाराज म्हणाले. "मग धूळ कुणीतरी घ्यायची की नाही?"

राहीबाईंनी महाराजांचे पाय धरले. मग त्या ठकूपुढे वाकल्या. सवयीने नातीच्या तोंडावर ओढलेला पदर त्यांनी आपल्याच हाताने मागे सारला आणि पोर ठकूच्या मांडीवर ठेवली.

"बघ बाई," त्या म्हणाल्या, "पोटभर बघ."