कपाटातली मणीमाळ

फार वर्षांपूर्वी एका शाळेत शंभर रंगीत मण्यांची माळ आली. मुलांनी मणी सरकवत खेळता खेळता बेरीज शिकावी, एवढंच तिचं काम. पण मुलं ती तोडतील या धास्तीने बाईंनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

माळ वैतागली. "अरे कुलपा, उघड की! बाहेर पोरांची बोटं संपली की बेरीज अडते, आणि मी इथे धूळ खात पडलेय!"

"गप्प बस," कुलूप गुरकावलं. "माझ्यामुळे तुझा एकही मणी हरवला नाही. उपकार मान!"

एके दिवशी तपासणीला साहेब आले. बाईंनी घाईघाईने माळ काढून पहिल्या बाकावरच्या भामाच्या हातात दिली. "दाखव बरं साहेबांना, आठ आणि सात किती?"

भामाने माळ गळ्यात घातली आणि विचारलं, "बाई, कशी दिसते मी?"