शंभरातले अठ्ठ्याण्णव

“ज्या चाळीस हजारांना तू नाही म्हणालास, त्यांच्यात नालायक किती होते?” गुरुजींनी विचारलं.

मनोहर हसला. प्रश्न त्याला आवडला नव्हता, पण गुरुजींपुढे पटकन उत्तर सुचलं नाही की हसायचं, ही सवय शाळेपासूनची.

सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेमागच्या टेकाडावर, कुडाच्या एका खोलीत गांगुर्डे गुरुजी राहत. अडतीस वर्षं त्यांनी त्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावी परतले नाहीत. पहाटे कुणी शिकायला आलं तर शिकवत, नाही आलं तर गप्प बसून राहत. पाड्यांवरचे लोक त्यांना साधू मानत. ते स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत.

मनोहर चौरे त्यांचाच विद्यार्थी. आता पन्नाशीचा, नावामागे डॉक्टर लागलेला, शहरातल्या एका नामवंत निवासी विज्ञान महाविद्यालयाच्या प्रवेश समितीचा अध्यक्ष. समितीच्या कामाबद्दल त्याचा सत्कार व्हायचा होता. प्रमुख पाहुणे म्हणून गुरुजींनी यावं, एवढं मागायला तो शाल आणि संस्थेची गुळगुळीत माहितीपुस्तिका घेऊन आला होता.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ते आकडे होते. जागा आठशे. अर्ज एक्केचाळीस हजार. तीन वर्षांपूर्वी शंभरातल्या पाचांना प्रवेश मिळे, आता दोघांना. अठ्ठ्याण्णवांना नाही. हे त्याने दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज जरा चढला.

त्यावर गुरुजींनी तो प्रश्न विचारला होता.

मनोहरने खरं ते सांगितलं. खोटं त्या खोलीत बोलवत नसे. नालायक असे फार तर चार-पाच हजार. बाकीची सगळी मुलं तिथं शिकू शकली असती. मग त्याने समितीतली एक गंमतही सांगितली. निवडलेली आठशे नावं बाजूला ठेवून त्यांच्या खालची आठशे घेतली, तर वर्गात शिकवणाऱ्याला फरक कळणार नाही. त्याच्याही खालची घेतली तरी नाही.

“गंमत,” गुरुजी म्हणाले.

मग निवड करता कशी, असं त्यांनी विचारलं. मनोहरने तेही सांगितलं. वाचणारे चाळीस जण. एका अर्जाला सहा मिनिटं, शेवटच्या आठवड्यात चार. आठशेतल्या दीडशे-दोनशे जागा विश्वस्तांच्या ओळखीच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांकडे जातात, ते कुठे लिहिलेलं नसतं. उरलेल्यांत कुणाचा निबंध आवडतो, कुणी मुलाखतीत छान बोलतं. कधी वाचणारा थकलेला असतो.

“आणि अर्ज एवढे वाढले कसे?”

इथे मनोहर खुलला. ती त्याचीच कल्पना होती. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलांची नावं मिळवायची, अगदी आडगावातली, आणि प्रत्येकाला संस्थेच्या कागदावर पत्र पाठवायचं. नाव घालून. तुमची गुणवत्ता आमच्या नजरेत भरली आहे, आपण अर्ज करावा अशी आमची इच्छा आहे, असं. अशी पत्रं तीस हजार गेली. असं पत्र आल्यावर अर्ज न करणारं घर विरळाच.

“त्यांतली किती मुलं घेतलीस?”

“ती शेवटपर्यंत फारशी टिकत नाहीत, गुरुजी. मुलाखत असते, इंग्रजी असतं...”

“हे पत्र पाठवताना ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग कशाला पाठवलंस?”

मनोहरने पुस्तिका मिटली.

“अर्ज वाढले की नकार वाढतात. नकार वाढले की टक्का खाली येतो. टक्का खाली आला की संस्थेचं नाव वर जातं. सगळेच करतात.”

गुरुजी उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मनोहरला वाटलं, पाणी आणायला उठले. ते त्याच्यासमोर आले, वाकले आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

मनोहर दचकून मागे सरला. खुर्ची कुडाला आपटली.

“गुरुजी, हे काय करता...”

“अडतीस वर्षं शिकवलं,” गुरुजी जमिनीवरच बसून म्हणाले. “एकाही पोराच्या मनातून गणित काढून टाकणं मला जमलं नाही. उनाडांच्याही नाही. तुला एका पत्रात जमलं.”

मग त्यांनी सुगंधा गावितचं सांगितलं.

ती पलीकडच्या पाड्यावरची. दोन वर्षं रोज पहाटे चालत यायची. मनोहर शाळेत असताना त्याला जी गणितं दिवसभर पुरायची, ती ही सूर्य वर यायच्या आत संपवायची. मे महिन्यात तिला ते पत्र आलं. सरपंचाने ते शाळेच्या पटांगणात वाचून दाखवलं. आपल्याला बोलावलंय, असंच सगळ्यांनी धरलं, तिनेही. म्हणून तिने दुसरीकडे अर्जच केला नाही. बोलावणं आल्यावर दुसऱ्या दारात उभं राहणं तिला बरं दिसेना.

जुलैत दुसरं पत्र आलं. काळजीपूर्वक छाननीअंती आपली निवड होऊ शकली नाही.

तेव्हापासून ती आली नव्हती. नागलीच्या शेतात निंदणीला जाते. दिवाळीनंतर द्राक्षबागांवर जाणाऱ्या टोळीत तिने नाव दिलं आहे. नाशिकच्या सरकारी महाविद्यालयात काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या, उद्या शेवटचा दिवस. गुरुजींनी अर्ज भरून तिच्या घरी नेऊन ठेवला होता. ती सही करत नव्हती.

मनोहर म्हणाला, तुम्ही तिला समजवा.

“समजावलं. ती म्हणते, तुम्ही माझे गुरुजी, तुम्ही चांगलंच बोलणार. ज्यांनी तपासलं त्यांनी सांगितलंय की मी त्यातली नाही.” गुरुजींनी पायांत चपला सरकवल्या. “तपासणारा तू. चल.”

वाट बांधावरून होती. ऑगस्टचं कोवळं ऊन पडलं होतं आणि चिखल निसरडा होता. मनोहरचे बूट भरले. वाटेत तो बरंच बोलला. आपण थांबलो तर दुसऱ्या संस्था पुढे जातील. विश्वस्त विचारतील. तो एकटा काय करणार. गुरुजी पुढे चालत राहिले. ऐकू येतंय की नाही, हेही त्यांनी कळू दिलं नाही.

सुगंधाची आई ओट्यावर उडीद पाखडत होती. घरात कुणी मोठा साहेब आलाय म्हणून तिने लगबगीनं घोंगडी अंथरली. सुगंधा शेतातून आली, हातपाय धुऊन दारात उभी राहिली. गुरुजी आत आले नाहीत. अंगणातल्या ओंडक्यावर घराकडे पाठ करून बसले.

मनोहरने आधी आपण कोण ते सांगितलं. मुलीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग तो तिच्या कष्टांचं कौतुक करू लागला, आणि दोन वाक्यांत त्यालाच ते ऐकवेना.

शेवटी त्याने गुरुजींना सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. चाळीस जण, सहा मिनिटं. आधीच गेलेल्या जागा. खालची आठशे घेतली असती तरी चाललं असतं, हेही. तिचा अर्ज त्याने स्वतः वाचला नव्हता, फक्त यादीखाली सही केली होती. आणि ते पहिलं पत्र तिला घ्यायचं म्हणून पाठवलं नव्हतं.

सुपाचा आवाज थांबला.

सुगंधा रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही.

“मग ‘काळजीपूर्वक छाननीअंती’ असं का लिहिलंत, सर?” ती म्हणाली. “चिठ्ठी निघाली नाही, असं लिहायचं. मला कळलं असतं. गावात नळाला नंबर लागतो तेव्हा आम्ही चिठ्ठीच काढतो. जिची निघत नाही ती स्वतःला वाईट समजत नाही.”

मनोहर घोंगडीची कड सरळ करू लागला.

“दीड महिना झाला, मी आरशात बघितलं नाही,” ती म्हणाली. हे तिने रागाने सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

ती आत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा नाशिकचा अर्ज तिच्या हातात होता. मनोहरने खिशातलं पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. आत जाऊन स्वतःचं आणलं, ओट्यावर कागद ठेवून सही केली आणि अंगणात जाऊन अर्ज गुरुजींच्या हातात दिला. सकाळच्या पहिल्या गाडीला येते, म्हणाली. गुरुजींनी फक्त मान हलवली.

पाड्यांवर कुणाच्याही घरी आलेला माणूस चहा न घेता जात नसे. त्या दिवशी चहाचं कुणी विचारलं नाही. मनोहरच्या ते ध्यानात आलं. तो इथलाच होता.

परतीच्या वाटेवर तो हळूहळू बोलू लागला. मुलगी विलक्षण आहे. नाशिकमध्ये त्याची ओळख आहे, वसतिगृहाचं तो बघेल. सत्काराच्या भाषणात तो हा प्रसंग सांगणार होता, नाव न घेता. अशा गोष्टी लोकांपर्यंत जायला हव्यात.

टेकाडाच्या पायथ्याशी त्याची गाडी उभी होती. त्याने बुटांचा चिखल दगडावर घासला, गुरुजींसमोर हात जोडले आणि म्हणाला,

“आज खरं बोललो, गुरुजी. मन हलकं झालं.”

“एकीशी बोललास,” गुरुजी म्हणाले. “बाकीच्यांचे पत्ते तुझ्याकडे असतीलच.”